पाखरू वर येतंय

सेंत-ओद शहरात जुलै महिन्यात बाहेर डास माणसाला फोडून काढत आणि फोरमच्या, म्हणजे तिथल्या छप्पर असलेल्या स्टेडियमच्या, आत बर्फ असे. बर्फावरच्या हॉकीचं मैदान जगात सगळीकडे उन्हाळा लागला की वितळवतात. पाणी गटारात सोडतात, खालच्या काँक्रीटला आणि त्याच्याखालच्या मातीला दोन-तीन महिने ऊब खाऊ देतात, मग पानगळीच्या सुमाराला पुन्हा थरावर थर देत बर्फ धरतात. सेंत-ओदने हा रिवाज सत्तावीस वर्षांपूर्वी मोडला, आणि मोडला तो सोलांज वाशोंच्या एका वाक्यामुळे.

त्या वर्षी शहराचा संघ गेला. हुआर त्याचं नाव. हुआर म्हणजे तळ्यावर रडल्यासारखा ओरडणारा काळा-पांढरा पाणपक्षी. त्याचं चित्र खेळाडूंच्या छातीवर होतं आणि मैदानाच्या मधोमध बर्फात रंगवलेलंही होतं. मालकाने संघ उचलला आणि दक्षिणेत, जिथे लोक अंगणात संत्री लावतात अशा एका वाळवंटी शहरात नेऊन बसवला. शेवटचा सामना झाला, हुआर हरले, तरी एक माणूस जागचा हलेना. तेव्हा सोलांज उत्तरेकडच्या कठड्याच्या पायरीवर चढली आणि तिने दोन्ही हात वर केले.

हे तिचं ठरलेलं काम होतं. हुआर अंगाने जड. उडण्याआधी तो पाण्यावरून पाय आपटत लांबवर धावतो, तेव्हा कुठे त्याला हवा धरते. सोलांजने हात वर केले की सगळं फोरम उभं राहायचं, एकदम चिडीचूप, आणि तिने हात खाली टाकले की सात हजार माणसं एकाच वेळी पाय आपटायला लागायची. याला ‘उड्डाण’ म्हणत. परगावचे गोलरक्षक त्या आवाजाला टरकून असत असं सेंत-ओदचे लोक सांगतात. खरंखोटं त्या गोलरक्षकांना ठाऊक.

त्या दिवशी सगळे उभे राहिले, आणि तेवढ्यात सोलांजचा धाकटा भाऊ रेआल बर्फ घासायची गाडी घेऊन मैदानात आला. बर्फ सांभाळणं ही त्याची नोकरी होती. सोलांज हात वर ठेवूनच त्याला म्हणाली, ‘‘रेआल, हा बर्फ वितळवायचा नाही. पाखरू परत येईपर्यंत असाच राहू दे.’’ पुढच्या रांगांनी ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी वरच्यांना. मग तिने हात खाली टाकले. तसं उड्डाण पुन्हा झालं नाही म्हणतात.

रागाच्या भरात माणसं असं काहीबाही बोलतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातात. सेंत-ओदच्या माणसांना मात्र बोललेलं खरं करून दाखवायची खोड आहे. नगरपालिकेने ठराव केला, आणि थंडावा करणारी यंत्रं बारा महिने घरघरत राहिली. कागदाची गिरणी बंद पडली, दोन शाळांची एक शाळा झाली, पोरं शिकून निघून गेली, पण बर्फ राहिला. नवरा-नवरी लग्नाचा फोटो काढायला फोरममध्ये येत. म्हातारी माणसं येऊन कठड्याशी उभी राहत, थडग्याशी राहतात तशी.

आणि मग पाखरू वर येऊ लागलं.

आधी ते बर्फात खोल, धूसर दिसायचं. पुढे पुढे त्याच्या पाठीवरचे पांढरे ठिपके मोजता येऊ लागले. मग त्याचा लाल डोळा स्पष्ट झाला. पाखरावरचा बर्फ दरवर्षी पातळ होत होता. रेआलने किती पाणी टाकलं तरी ते कडेला जाऊन गोठायचं, मध्ये राहायचंच नाही. कडेची लाकडी फळी पूर्वी माणसाच्या छातीला लागायची, ती आता कमरेला लागत होती, इतका तिकडे बर्फ चढला होता. शेवटी चित्रावर बोटभर बर्फ उरला तेव्हा रेआलने मधल्या वर्तुळाला दोरी बांधली आणि पोरांना अर्ध्या मैदानात खेळायला लावलं.

याचा अर्थ काय, हे सेंत-ओदमध्ये कुणाला विचारायची गरज नव्हती. पाखरू वर येतंय म्हणजे संघ परत येतोय. बेकरीच्या काचेवर तसं लिहिलेलं होतं, मुलांच्या टोप्यांवर विणलेलं होतं. पाद्रीबाबांनी एकदा प्रवचनात नाव न घेता तसंच काहीसं सुचवलं, तेव्हा मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या.

आणि खरोखरच बातमी आली. वाळवंटातल्या त्या शहराला हॉकीचं वेड लागलं नव्हतं ते नव्हतंच. लीगने जाहीर केलं की संघ तिथून हलणार, आणि यादीत दोनच नावं उरली आहेत. एक सेंत-ओद. दुसरं नदीपलीकडचं बेलरीव.

बेलरीवशी सेंत-ओदचं वाकडं किती जुनं, हे दोन्हीकडे कुणालाच आठवत नाही. बेलरीवने गेल्या पाच वर्षांत काचेच्या भिंतींचं नवंकोरं स्टेडियम उभं केलं होतं. सेंत-ओदवाले त्याला ‘माशांची पेटी’ म्हणत. बेलरीववाले फोरमला ‘शवागार’ म्हणत, मेलेल्याला थंड ठेवायची जागा म्हणून. हा टोमणा सेंत-ओदला फार झोंबायचा, आणि पुलावर गाड्या अडकल्या की बेलरीवची पोरं काच खाली करून हमखास तो मारायची.

संघ परत आणायच्या समितीची अध्यक्ष सोलांजच होती. दुसरं कुणाचं नाव पुढे येणं शक्यच नव्हतं. वय साठीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज अजून खणखणीत. तिला संघ हवा होता तो सगळ्यांना हवा होता म्हणून, आणि आणखी एका कारणासाठी, जे ती कुणाला बोलून दाखवत नसे. तिची एकुलती एक मुलगी मारीस बेलरीवला राहत होती. जमिनीची मापं घेण्याचं शिक्षण घेतलं, आणि काम मिळालं ते नेमकं माशांची पेटी बांधणाऱ्या कंपनीत. संघ आला की कामं येतील, कामं आली की गेलेली पोरं परत येतील, आणि मारीस त्यात असेल, हे सोलांजच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की संघ म्हणजे तिला मारीसच वाटायला लागली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मारीस आईला भेटायला आली. सोलांज तिला कौतुकाने फोरममध्ये घेऊन गेली. लीगची माणसं मार्चमध्ये येणार होती, त्यांच्यासमोर एक प्रदर्शनीय सामना व्हायचा होता, आणि सगळीकडे रंगरंगोटी चालू होती. उत्तरेच्या दाराशी मारीस थांबली. ते दार कित्येक वर्षं लागत नव्हतं. खालून घासायचं आणि वीतभर उघडंच राहायचं, हिवाळ्यात फटीतून बर्फ आत यायचा. सुताराने तीनदा रंधा मारून पाहिला होता.

मारीसने दार हलवून पाहिलं. मग शेजारच्या विटांच्या भिंतीतली जिन्यासारखी चढत गेलेली भेग पाहिली. मग काही न बोलता ती मैदानाकडे गेली. रेआल कठड्यावर बसून कागदाच्या द्रोणातले चीज-रस्सा घातलेले बटाटे खात होता. भाची आलेली पाहून त्याने द्रोण पुढे केला.

‘‘मामा, कडेला बर्फ किती जाड आहे?’’

‘‘चांगला दीड वीत असेल.’’

‘‘आणि मध्ये?’’

‘‘मध्ये काय, बोटभर. तेसुद्धा मी रोज पाणी पाजतो म्हणून.’’

‘‘पाणी ओतलं की ते सपाट बसतं ना? वरून बर्फ सपाट आहे. मग मध्ये पातळ आणि कडेला जाड कसा?’’

रेआल हसला. शहरातल्या पोरांना सगळं शिकवावं लागतं असा त्याचा चेहरा झाला. ‘‘अगं, पाखरू वर येतंय.’’

‘‘पाखरू नाही, मामा,’’ मारीस म्हणाली. ‘‘जमीन.’’

तिकडे शिव्या देतात त्या चर्चमधल्या भांड्यांच्या नावाने; रेआलने त्यातल्या एकूण एक भांड्याचा उद्धार केला, पण घास पुढे खाल्ला नाही. सोलांजला ऐकू गेलं होतं. तिला लगेच कळलंही होतं, कारण ती मूर्ख नव्हती.

घरी मटारचं सूप समोर ठेवून मारीसने आईला सगळं समजावून सांगितलं. फोरम जुनं, त्याच्या बर्फाखाली ऊब देणाऱ्या नळ्या नाहीत. दर उन्हाळ्यात बर्फ वितळायचा तेव्हा माती मोकळी व्हायची. सत्तावीस वर्षं ती झालीच नाही. थंडी खाली खाली मुरत गेली, मातीतलं पाणी गोठत गेलं, गोठलं की फुगतं, तशी जमीन मध्ये फुगून वर आली आहे. आता ती थंडी पसरत खांबांच्या पायांपर्यंत गेली असणार, म्हणून दार लागत नाही, म्हणून भिंत फाटली. आज ती गोठलेली मातीच इमारत धरून उभी आहे. आणि कधी घाईघाईने ऊब लागून ती सुटली तर खाली माती राहणार नाही, लापशी राहील.

‘‘बंद करा ते. लोकांना आत घेऊ नका. आधी नीट तपासा, मग वर्षभर, दोन वर्षं, हळूहळू सोडवावं लागेल.’’

‘‘दोन वर्षं,’’ सोलांज म्हणाली. ‘‘म्हणजे संघ बेलरीवला.’’

‘‘जाऊ दे ना बेलरीवला.’’

सोलांजने सुपाची वाटी उचलून मोरीत ठेवली. पाठ वळवूनच तिने विचारलं, ‘‘तुला त्यांनी पाठवलं का?’’

असं बोलू नये. बोलता बोलताच तिला ते कळलं, पण शब्द तोंडातून गेला तो गेला. मारीसने कोट घातला, आईच्या गालाला गाल लावला, आणि ती निघून गेली. गाडी पुलाकडे वळेपर्यंत सोलांज खिडकीत उभी होती.

त्या आठवड्यात समितीची बैठक झाली. नगराध्यक्ष क्लेमां बुतां हा गोड बोलणारा, गुबगुबीत माणूस; त्याला वाईट बातमी ऐकायची ताकद नव्हती आणि म्हणून कुणी ती त्याला सांगत नसे. मारीस फोरममध्ये फिरून गेली हे त्याच्या कानावर गेलंच होतं. सगळं आटोपल्यावर त्याने सहज विचारावं तसं विचारलं.

‘‘मादाम वाशों, तुमच्या लेकीने काही पाहिलं म्हणे?’’

टेबलाभोवतीच्या माना तिच्याकडे वळल्या. बेलरीवमध्ये काम करणारी पोरगी. ती काय म्हणाली यावर पुढे काय बोलायचं ते प्रत्येकाने ठरवूनच ठेवलं होतं. सोलांजने एकदा रेआलकडे पाहिलं. तो आपल्या टोपीची दोरी ओढत बसला होता.

‘‘उत्तरेचं दार अडकतं म्हणाली,’’ सोलांज म्हणाली. ‘‘तेवढंच.’’

क्लेमांने सुटकेचा श्वास टाकला आणि सुताराला चौथ्यांदा बोलवायचं ठरलं.

मार्चचा प्रदर्शनीय सामना अगदी थाटात झाला. लीगकडून आलेल्यांचा म्होरक्या हॅलोरन नावाचा उंच, कोरडा माणूस होता. बेलरीवच्या काचेच्या भिंती पाहताना त्याने दोनदा घड्याळ पाहिलं होतं, ही बातमी सेंत-ओदला आधीच पोचली होती. इथे मात्र तो मैदानाच्या मधोमध चक्क पोटावर पालथा पडला आणि हाताची ओंजळ डोळ्यांभोवती धरून बर्फातला हुआर पाहत राहिला. उठला तेव्हा त्याचा कोट पुढून भिजला होता. म्हणाला, आमच्या कुठल्याच शहरात असं काही नाही. त्यानंतर सोलांजने हात वर केले, सात हजार माणसं उभी राहिली, आणि उड्डाण झालं. सोलांजच्या बाहीवर छतातून पांढरी धूळ पडली. तिने ती झटकून टाकली. काहीही झालं नाही. जमीन दगडासारखी घट्ट होती. सोलांजला वाटलं, पोरगी शिकली खरी, पण घाबरट झाली.

संघ सेंत-ओदला मिळाला. चर्चच्या घंटा वाजल्या, गाड्यांचे भोंगे वाजले, लोक पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन बेलरीवकडे तोंड करून नाचून आले. मारीसचा फोन आला तो संध्याकाळी.

‘‘अभिनंदन, आई. बर्फाचं काय करणार आता?’’

‘‘लीगची अट आहे. नवं मैदान करायचं. खाली ऊब देणाऱ्या नळ्यासुद्धा टाकणार आहेत, तू म्हणत होतीस तशा.’’

‘‘मी म्हणत होते तशा नाही, अशा घाईघाईने नाही,’’ मारीस म्हणाली. ‘‘तू त्यांना सांगितलंस ना? मी जे सांगितलं ते?’’

‘‘सांगितलं,’’ सोलांज म्हणाली.

मे महिन्यात एका दुपारी यंत्रं बंद केली. ती घरघर आसपासच्या गल्ल्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती थांबल्यावर लोक दारात येऊन उभे राहिले आणि एकमेकांना विचारू लागले की काय झालं. रेआल यंत्रघरातून बाहेर आला तो लहान मुलासारखा रडत. बर्फ वितळू लागला तेव्हा लोक बरण्या, बाटल्या, दुधाचे डबे घेऊन आले. तिकडे ईस्टरच्या पहाटे ओढ्याचं पाणी भरून आणतात. ते वर्षभर नासत नाही अशी श्रद्धा आहे. तसंच हे पाणी त्यांनी भरून नेलं. सोलांजने आपली बरणी संत आनच्या मूर्तीशेजारी ठेवली. दोन-चार दिवसांत पाणी वर निवळलं आणि तळाला पाखराचा काळा रंग जाऊन बसला.

बाहेरगावच्या ठेकेदाराने काम घेतलं. मधोमध आलेला उंचवटा पाहून तो म्हणाला, जुन्या काँक्रीटचं असं होतंच. त्याने तो घासून सपाट केला, वर नळ्यांचं जाळं अंथरलं, वर नवी फरशी ओतली. काम उरकायची घाई सगळ्यांनाच होती. शंका विचारणारं एकच माणूस त्या शहरात होतं आणि त्याने तोंडाला कुलूप घातलं होतं. जूनमध्ये सोलांजला दोनदा वाटलं की क्लेमांकडे जावं. दोन्ही वेळा ती पायऱ्यांपर्यंत गेली. पण आता सांगायचं म्हणजे फेब्रुवारीत का नाही सांगितलं हेही सांगायला हवं होतं, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

ऑगस्टमध्ये ती फोरममध्ये रंग बघायला गेली. उत्तरेच्या दारातून आत शिरली आणि चार पावलं पुढे गेली, तोच मागे दार हलकेच येऊन लागलं. कडी खट्‌कन बसली. सोलांज जागच्या जागी उभी राहिली. मग मागे जाऊन तिने दार उघडलं, सोडलं. ते पुन्हा अलगद लागलं.

सुतार कधी येऊन गेला, असं तिने रखवालदाराला विचारलं. सुतार आलाच नव्हता. बाजूच्या भिंतीतली भेगही मिटली होती, नुसती केसाएवढी रेघ राहिली होती. क्लेमांने ते पाहून टाळी वाजवली. म्हणाला, मादाम, इमारतसुद्धा खूश झाली बघा. सोलांजला मारीसने सांगितलेली लापशी आठवली, तरी ती हसली.

त्या दिवशी तिने मारीसला फोन केला. दाराचं बोलायला म्हणून केला आणि पहिल्या सामन्याचं आमंत्रण देऊन ठेवून दिला. मारीस येते म्हणाली. तिने एकच मागितलं, जागा उत्तरेच्या दाराजवळ हवी. आपल्याला लेक भेटणार या आनंदात सोलांजने त्या मागणीचा विचार केला नाही, किंवा केला आणि बाजूला सारला. माणसाला स्वतःशी खोटं बोलायची सवय लागली की पुढचं खोटं फार सोपं जातं.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी दुपारी फोरम गच्च भरलं. सत्तावीस वर्षांपूर्वीचे सदरे पेट्यांतून बाहेर निघाले होते, कुणाच्या पोटावर बसत नव्हते तरी ओढून घातले होते. मारीस लाल जाकीट घालून आली. आईच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला. नव्या बर्फात नवा हुआर होता, चकचकीत, खोल. सोलांजला वाटलं, हीच ती घटका. आपण मिळवलं.

पहिला गोल हुआरनी केला तेव्हा आरोळीने छत दणाणलं. आरोळी ओसरली, आणि मारीस मागे वळून पाहत होती. उत्तरेचं दार गर्दीसाठी उघडून ठेवलेलं होतं. ते आपोआप येऊन लागलं. मारीस उठली, दाराशी गेली, कडी काढून तिने ढकललं. मग खांदा लावून ढकललं. वरची चौकट दारावर बसली होती; वीतभरसुद्धा हललं नाही.

ती परत येऊन आईच्या कानाशी वाकली. ती अगदी हळू बोलली.

‘‘आई, खरं सांग. तू त्यांना सांगितलं होतंस?’’

सोलांजने मान हलवली. नाही.

मारीसने डोळे मिटले आणि उघडले. रागवायलाही वेळ नव्हता. ‘‘बाकीची दारं अजून चालतील. सगळ्यांना बाहेर काढायचं, आणि पळू द्यायचं नाही. मी गळा फोडला तरी मला इथे कोण विचारतं? तुझं ऐकतील. मी पलीकडच्या बाजूला जाते.’’ आणि ती गर्दीतून वाट काढत दक्षिणेच्या जिन्याकडे निघाली.

सोलांज पायरीवर चढली. निवेदकाची खोली पार समोर, दुसऱ्या टोकाला होती. तिथवर जायला वेळ नव्हता. सात हजार माणसांना गप्प करायचा तिला एकच उपाय येत होता, आणि तो तिने केला. दोन्ही हात वर केले.

सगळं फोरम उभं राहिलं. खेळाडूसुद्धा थांबले, कारण ही गोष्ट त्यांना आल्या दिवसापासून सांगितलेली होती. एकदम चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत सोलांजला कळलं की आता आपल्याला हात खाली घेता येणार नाहीत. ते खाली आले की सात हजार माणसं पाय आपटणार.

खालून कुठूनतरी, बर्फाच्याही खालून, एक लांबलचक कण्हल्यासारखा आवाज आला. पुढच्या रांगांनी तो ऐकला. काहींनी पायांकडे पाहिलं.

‘‘नीट ऐका,’’ सोलांज पुढच्या रांगांना म्हणाली; ओरडलं असतं तर माणसं पळत सुटली असती. ‘‘खालची जमीन सुटली आहे. माझ्या मुलीने हे फेब्रुवारीत सांगितलं होतं आणि मी लपवलं. उत्तरेचं दार सोडून बाकीच्या दारांनी बाहेर पडा. हळू चाला. पाय आपटू नका. मागच्यांना सांगा.’’

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारी भावनेच्या भरात काहीतरी बरळतेय. पण कठड्याशी उभ्या असलेल्या रेआलने आपली टोपी काढली, बहिणीकडे एकवार पाहिलं आणि शेजारच्या बाईचा हात धरून तो दाराकडे चालू लागला. त्याच्या मागे पहिली रांग निघाली. मग दुसरी. बाप पोरांना कडेवर घेऊन, बायका बूट हातात घेऊन, चर्चमधून निघावं तसं माणसं निघू लागली. मागच्यांना सांगितलं जात होतं, त्यांच्या मागच्यांना सांगितलं जात होतं. सोलांजने हे एकदा पाहिलेलं होतं.

तिचे दंड भरून आले. खांद्यात कळ निघाली ती मानेत गेली. वयाच्या मानाने ती बरीच धडधाकट होती, पण साठीनंतर हात इतका वेळ वर राहत नाहीत. जवळच्या बाजूची बाकं रिकामी होत होती. समोर, दक्षिणेच्या वरच्या रांगांपर्यंत, काहीच पोचलं नव्हतं. तिथली दोन-तीन हजार माणसं उभी होती, आनंदाने, श्वास रोखून. कितीतरी वर्षांनी ही घटका आली होती, आणि इतकी लांबलेली पाहून त्यांचे डोळे लकाकत होते. त्यांच्यापैकी एकही माणूस दुसरीकडे बघत नव्हता. सगळे तिच्या हातांकडे बघत होते.

त्यांच्या मधल्या जिन्याने लाल जाकीट वर चढत होतं. प्रत्येक रांगेशी थांबून मारीस काहीतरी सांगत होती. लोक मान न वळवता तिला हाताने बाजूला सारत होते, मध्ये येऊ नकोस म्हणून. ती पुढच्या रांगेकडे जात होती.

पुन्हा तो आवाज आला, या वेळी छतातून. सोलांजने डाव्या हाताने उजवं मनगट धरायचा प्रयत्न केला. बोटं बधिर झाली होती, पकड बसेना. ती पुटपुटत होती, थांब गं, थांब, आणि ते मुलीला म्हणत होती की हातांना, तिचं तिलाच समजत नव्हतं. लाल जाकीट अजून चार रांगा खाली होतं. आणि तिचे हात खाली यायला लागले.